रिपोर्टमधला आकडा आणि रायपूरचं रक्त

रायपूरमध्ये 'फुल बॉडी चेकअप' करून घ्यायला आता डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. सकाळी लॅबचा मुलगा घरी येतो, रक्ताच्या नळ्या भरून नेतो आणि संध्याकाळी साठ-सत्तर आकड्यांचा रिपोर्ट मोबाइलवर हजर होतो. त्यातले चार-दोन आकडे ठळक ठशात छापलेले असतात. टीएसएच ६.८, एचबीए१सी ६.१, व्हिटॅमिन डी १४. तेवढ्यावर घरात काळजी सुरू होते आणि बहुतेक वेळा औषधंही सुरू होतात. याच शहरापासून तासा-दोन तासांवरच्या गावांत मात्र अशी माणसं भेटतात, ज्यांना वर्षानुवर्षं थकवा आहे, वजन घटतं आहे, तहान भागत नाही, आणि रक्ताचा एक थेंबही कधी तपासला गेलेला नाही. हार्मोनच्या आजारांचा आढावा घ्यायचा तर ही दोन्ही टोकं समोर ठेवावी लागतात.

प्रौढांमधले नेहमीचे आजार मोजकेच आहेत: मधुमेह, थायरॉइड, पीसीओएस, हाडांचा ठिसूळपणा, आणि पिट्युटरी, अ‍ॅड्रिनल, पॅराथायरॉइड या ग्रंथींचे तुलनेनं विरळ, पण सहज निसटणारे आजार. यांतल्या बहुतेकांवर स्वस्त आणि चांगले उपचार आहेत. घोळ होतो तो निदानात. हार्मोनच्या तपासणीचा आकडा तीन गोष्टी कळल्यावरच अर्थपूर्ण होतो: ती कुणाची केली, कोणत्या वेळी केली, आणि त्या माणसाचं रक्त किंवा तो घेत असलेली औषधं त्या तपासणीत ढवळाढवळ तर करत नाहीत ना. छत्तीसगडमध्ये या तिसऱ्या प्रश्नाला फार वजन आहे आणि नेमका तोच सहसा विचारला जात नाही.

साखर आणि सिकल

मधुमेहाचे निकष जगभर सारखे आहेत. उपाशीपोटीची साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, किंवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक. लक्षणं नसतील तर दोन चाचण्या जुळल्याशिवाय निदान करायचं नाही. खूप तहान, वारंवार लघवी, उतरणारं वजन अशी स्पष्ट लक्षणं असतील आणि केव्हाही घेतलेली साखर २०० च्या वर असेल, तर तेवढं पुरतं. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख प्रौढांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के निघालं, उत्तर प्रदेशात ४.८ टक्के. म्हणजे 'भारतीयांचा मधुमेह' असं सरसकट बोलण्यात अर्थ नाही. प्रदेश पाहावा लागतो.

आता प्रदेश पाहू. एचबीए१सी, म्हणजे बोलीभाषेतली 'तीन महिन्यांची शुगर', ही चाचणी तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते मोजते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते हे त्यात गृहीत धरलेलं आहे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णाच्या पेशी मात्र फार लवकर, कित्येकदा दोन-तीन आठवड्यांतच मरतात. तेवढ्या वेळात त्यांना साखर चिकटायला अवधीच मिळत नाही. साखर चढलेली असते आणि रिपोर्ट छान येतो. नुकतंच रक्त चढवलं असेल तर त्या आकड्यात दात्याच्या पेशीही मिसळलेल्या असतात. सिकलचा केवळ वाहक असलेल्या माणसाच्या पेशी जवळपास पूर्ण आयुष्य जगतात. पण काही यंत्रांना त्याचं वेगळं हिमोग्लोबिन नीट वेगळं करता येत नाही, आणि अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांवरच्या २०१७ सालच्या अभ्यासात साखर तितकीच असूनही वाहकांचा एचबीए१सी सरासरीनं ०.३ नं कमी आढळला. ६.५ ची रेघ पार करायची की नाही हे ठरवताना ०.३ हा मोठा फरक आहे.

छत्तीसगड आणि विदर्भ हा सिकलचा पट्टाच आहे. मध्य भारतातल्या सिकल वाहकांवर 'लॅन्सेट'मध्ये १९५८ सालीच लिहिलं गेलं होतं. काही समाजांत दहा जणांमागे एक किंवा त्याहून अधिक वाहक सापडतात. हा फक्त आदिवासींचा आजार आहे, हा शहरी समज खोटा आहे. रायपूर-दुर्गच्या मैदानी गावांतल्या शेतकरी जातींतही तो सर्रास आढळतो. यात आणखी एक गुंता आहे. लोहाच्या कमतरतेनं होणारा अ‍ॅनिमिया एचबीए१सी खोटा वाढवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) छत्तीसगडमधल्या १५ ते ४९ वयाच्या साठ टक्क्यांच्या आसपास स्त्रियांमध्ये अ‍ॅनिमिया आढळला. म्हणजे एकाच गल्लीत एकीचा आकडा खोटा खाली आणि दुसरीचा खोटा वर असू शकतो.

मार्ग साधा आहे. एचबीए१सी आणि घरच्या ग्लुकोमीटरवरची साखर यांचा मेळ बसत नसेल, तर साखरेवर विश्वास ठेवावा. हिमोग्लोबिन कमी असेल, घरात सिकल किंवा थॅलेसेमिया असेल, काविळीचे किंवा हाडं-सांधे ठणकण्याचे झटके येऊन गेले असतील, तर निदान उपाशीपोटीच्या आणि ग्लुकोजनंतरच्या साखरेवर करावं. एचपीएलसी पद्धतीच्या यंत्रातून निघालेल्या आलेखावर वेगळ्या हिमोग्लोबिनचा सुळका दिसत असतो. आकड्याबरोबर तो आलेखही मागून घ्यावा आणि डॉक्टरनं तो पाहावा.

बारीक माणसाची शुगर

मधुमेही म्हणजे सुटलेल्या पोटाचा शहरी माणूस, हे चित्र अर्धंच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्याचा उरलेला अर्धा भाग जगाला दाखवला. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या खेड्यांत सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासात तिथली बाळं सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. २००४ मध्ये 'लॅन्सेट'नं याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे बीएमआय २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा मानतात, पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आत असावी म्हणतात, त्यामागे हेच कारण आहे. वजनकाट्याइतकंच शिंप्याच्या टेपलाही निदानात स्थान आहे.

यापुढचा गट त्याहून वेगळा. बस्तर-सरगुजाकडून येणारे काही तरुण रुग्ण खरोखरच हडकुळे असतात. पोटावर चरबी नाही, लहानपण अर्धपोटी गेलेलं. कुपोषणातून येणाऱ्या अशा मधुमेहाला जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ मध्ये वेगळं नाव दिलं आणि १९९९ मध्ये ते वर्गीकरणातून काढून टाकलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झालेल्या अभ्यासातून २०२२ मध्ये दिसलं की या रुग्णांत इन्सुलिनला दाद न देण्याचा दोष नसतो. इन्सुलिन तयारच कमी होतं. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं त्याला 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. नावाबद्दल तज्ज्ञांत वाद चालू राहील. उपचारांसाठी महत्त्वाचं इतकंच की बारीक रुग्णाला 'भात सोडा, वजन उतरवा' हा ठरलेला सल्ला देणं घातक आहे. त्याला पुरेसं अन्न, प्रथिनं आणि बहुधा थोडं इन्सुलिन हवं असतं. तिशीच्या आतला किंवा सडपातळ मधुमेही आला की लघवीतले कीटोन तपासावेत, शक्य असेल तिथं शरीर किती इन्सुलिन बनवतं हे दाखवणारं सी-पेप्टाइड करावं, आणि वारंवार पोटदुखी असेल तर स्वादुपिंडात खडे नाहीत ना ते पाहावं.

ताट, गोळी, सुई

धानाच्या या प्रदेशात ताटात भात असणारच. रेशनवरही तांदूळच मिळतो आणि सकाळची बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, ही शेतात जाणाऱ्याची न्याहारी आहे. रायपूरच्या तात्यापारा-बुढापाऱ्यातल्या मराठी घरांतही पिढ्यानपिढ्या राहून जेवणाचा शेवट भातानंच होतो. भात तोडण्याचा उपदेश आठवडाभर टिकतो आणि नंतर रुग्ण डॉक्टरला खोटं सांगू लागतो. त्यापेक्षा भाताची वाटी ठरवून घ्यावी, तिच्या जोडीला डाळ, उसळ, अंडं किंवा मासळी वाढवावी आणि भाजी दुप्पट करावी, हे निभावतं. चेन्नईत झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात (२००६) उंबरठ्यावरच्या लोकांनी खाण्यात आणि चालण्यात केलेल्या माफक बदलांनी पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिननं जवळजवळ तेवढाच फायदा दिला. म्हणून एचबीए१सी ६.१ पाहून घाबरू नये, आणि तो आकडा विसरूही नये.

औषधांत मेटफॉर्मिन अजूनही पाया आहे. किडनीची गाळणक्षमता ३० च्या खाली गेली की ते थांबवावं लागतं, आणि वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ घटतं. तळपायांची जळजळ प्रत्येक वेळी मधुमेहाचीच नसते. ग्लिमेपिराइड स्वस्त आणि जोरकस आहे, पण उपासाच्या दिवशी घेतलं तर साखर धोकादायक खाली जाते. एकादशी, नवरात्र किंवा रोजे धरणाऱ्यांनी डोस आधी ठरवून घ्यायला हवा. हृदय आणि किडनीला आधार देणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता सामान्यांच्या आवाक्यात आल्या आहेत. दुसरीचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपताच भाव कोसळले. या गोळ्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात. रायपूरच्या ४४-४५ अंशांच्या मे महिन्यात उलट्या-जुलाब झाले, खाणं-पिणं थांबलं, तर त्या लगेच बंद ठेवायच्या, नाहीतर साखर फारशी न चढताही रक्तात आम्ल साठू शकतं. बारीक, इन्सुलिन कमी असलेल्या रुग्णाला तर हा धोका अधिक. २०२५ पासून भारतात मिळणारी टिर्झेपाटाइड आणि सेमाग्लुटाइडची वजन उतरवणारी इंजेक्शनं स्थूल मधुमेहींना खरोखर उपयोगी आहेत. ज्याचं वजन आधीच कमी आहे, त्याच्या हातात ती पडता कामा नयेत.

इन्सुलिनबद्दल एक गोष्ट खेड्यातल्या घरांसाठी सांगायलाच हवी. फ्रिज नाही म्हणून इन्सुलिन नाकारायचं कारण नाही. मातीच्या मडक्यात थोडं पाणी घालून, कुपी प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून आत ठेवली आणि मडकं सावलीत ठेवलं, तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच कमी राहतं. २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान हेलकावे खाणाऱ्या तापमानातही इन्सुलिनची ताकद चार आठवडे टिकते, हे केनियातल्या निर्वासित छावणीतलं तापमान मोजून डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं. कुपी महिन्यात संपवायची, उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवायची नाही, आणि टोचण्याची जागा रोज बदलायची. एकाच जागी टोचून आलेल्या गाठीत इन्सुलिन गेलं तर ते नीट शोषलं जात नाही आणि डोस उगाच वाढत जातो.

मधुमेहाचा उपचार साखरेपाशी संपत नाही. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची तपासणी, लघवीतलं अल्ब्युमिन आणि पायांची तपासणी ही त्याचीच अंगं आहेत. चप्पल-मोजे उतरवून पाय पाहायला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांनी पाय वाचतात.

थायरॉइडचं मीठ आणि गोळी

एकेकाळी देशाच्या मोठ्या भागात थायरॉइड म्हणजे गलगंड असंच समीकरण होतं. १९५० च्या दशकात कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी आयोडीनयुक्त मिठानं गलगंड घटतो हे दाखवलं, १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकायला देशभर बंदी आली. छत्तीसगडमध्ये गरीब कुटुंबांना रेशनवर 'अमृत नमक' मिळू लागलं, त्यामागेही हाच विचार होता. गर्भातल्या बाळाच्या मेंदूसाठी आयोडीन अत्यावश्यक आहे. सैंधव किंवा 'नैसर्गिक' मिठाच्या हौसेपायी घरातलं साधं आयोडीनयुक्त मीठ सोडणं, विशेषतः गरोदरपणात, चुकीचं आहे.

आता प्रश्न बदलला आहे. देशातल्या आठ शहरांच्या पाहणीत (२०१३) मुंबई आणि गोवाही होते. त्यात जवळपास ११ टक्के प्रौढांत थायरॉइडची कमतरता आढळली. शिवाय आणखी सुमारे ८ टक्के 'सबक्लिनिकल' होते, म्हणजे टीएसएच वाढलेला आणि प्रत्यक्ष थायरॉइड हार्मोन, टी४, ठीक. टीएसएच हा थायरॉइडचा हार्मोनच नाही. तो मेंदूखालच्या पिट्युटरीतून येणारा हुकूम आहे. कामगार ढेपाळले की मुकादमाचा आवाज चढतो, तसा थायरॉइड मंदावला की टीएसएच चढतो. त्यामुळे तो संवेदनशील आहे आणि म्हणूनच तात्पुरत्या कारणांनीही हलतो. आजारातून उठल्यावर तो वाढतो, उतारवयात थोडा वाढलेलाच राहतो.

म्हणून टीएसएच ६.८ आला तर दोन-तीन महिन्यांनी टी४ सह पुन्हा तपासावा. बऱ्याच जणांचा आपोआप खाली येतो. १० च्या वर टिकून राहिला तर गोळी बहुधा हवी. गरोदर असलेल्या किंवा दिवस राहण्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीला हा नियम लागू नाही. तिच्यासाठी मर्यादा खालची आहे, आणि आधीच गोळी चालू असेल तर गर्भ राहिल्याचं कळताच डोस सुमारे पाव हिश्शानं वाढवावा लागतो. ६५ च्या पुढच्या सबक्लिनिकल रुग्णांना गोळीनं थकव्यात किंवा लक्षणांत फरक पडला नाही, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत स्पष्ट झालं. वृद्धाला उगाच जास्त थायरॉक्सिन दिलं, तर हृदयाची लय बिघडते आणि हाडं झिजतात.

ज्यांना गोळी खरोखर लागते, त्यांची ती बऱ्याचदा चुकीच्या पद्धतीनं घेतल्यानं वाया जाते. सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर ती घ्यावी आणि अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत पुन्हा टीएसएच करणं निरर्थक आहे. केस-नखांसाठीच्या गोळ्यांतलं बायोटिन अनेक यंत्रांना चकवतं. टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटं जास्त दिसून चांगल्या माणसाला थायरॉइड वाढल्याचं लेबल लागू शकतं. तपासणीआधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवाव्यात.

थायरॉइड खरंच वाढलेला असेल, वजन उतरत असेल, हात थरथरत असतील, छातीत धडधडत असेल, तर कारण शोधल्याशिवाय कार्बिमाझोल सुरू करू नये. बाळंतपणानंतरच्या किंवा दुखऱ्या थायरॉयडायटिसमध्ये साठलेला हार्मोन फक्त गळत असतो. तिथं या गोळीचा उपयोग नाही, काही आठवड्यांत हार्मोन आपोआप उतरतो. ग्रंथीच जादा हार्मोन बनवत राहते अशा ग्रेव्हज आजारात मात्र तीच गोळी मुख्य उपचार आहे. ती घेणाऱ्याला ताप आणि घसादुखी सुरू झाली तर त्याच दिवशी गोळी थांबवून पांढऱ्या पेशी मोजायच्या, ही सूचना चिठ्ठीवर लिहूनच द्यायला हवी.

न आलेलं दूध

मुकादमच, म्हणजे पिट्युटरीच, आजारी पडला तर? इथं टीएसएच पूर्ण फसवतो, आणि छत्तीसगडच्या स्त्रियांच्या बाबतीत ही शक्यता पुस्तकी नाही. गरोदरपणात पिट्युटरी ग्रंथी मोठी होते. बाळंतपणात फार रक्त गेलं तर तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती अंशतः किंवा पूर्ण निकामी होते. डॉ. हॅरल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये हे सविस्तर मांडलं, म्हणून त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. श्रीमंत देशांत तो दुर्मीळ झाला, कारण तिथं बाळंतपणातला रक्तस्राव वेळेत आटोक्यात येतो. छत्तीसगडमध्ये २००५-०६ च्या पाहणीत शंभरातली पंधराच्या आसपास बाळंतपणंच दवाखान्यात होत होती. २०१९-२१ पर्यंत हा आकडा पंच्याऐंशीच्या वर गेला, ही मोठी कमाई आहे. पण त्या काळात घरी बाळंत झालेल्या स्त्रिया आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, आणि हा आजार निदान व्हायला दहा-वीस वर्षं घेऊ शकतो.

अशी बाई दवाखान्यात येते ती 'कमजोरी' घेऊन. चेहरा फिकट, त्वचा कोरडी, रक्तदाब कमी, काखेतले केस गेलेले. कधी साध्या जुलाबानंतर सोडियम घसरून ती बेशुद्ध होते. तिला लोहाच्या गोळ्या आणि सलाइन मिळतं. टीएसएच नॉर्मल येतो, कारण हुकूम देणारी ग्रंथीच मुकी झालेली असते. टी४ तपासलं तरच कमतरता दिसते. निदानाची खरी किल्ली मात्र तीन प्रश्नांत आहे, ज्यांना पैसे पडत नाहीत: शेवटच्या बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं का, आणि त्यानंतर अंगावर दूध आलं होतं का, पाळी परत सुरू झाली होती का? दूध आलं नाही आणि पाळीही आली नाही, हे उत्तर मिळालं की पुढची दिशा ठरते. उपचारांत क्रम महत्त्वाचा आहे. आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉइडची गोळी. उलट केलं तर जीव धोक्यात येतो. योग्य क्रमानं दिलं तर काही आठवड्यांत ही बाई पुन्हा शेतावर जाऊ लागते, आणि औषधाचा खर्चही झेपण्यासारखा असतो.

पिट्युटरीचाच दुसरा नेहमीचा प्रश्न प्रोलॅक्टिन वाढण्याचा. पाळी चुकली, अंगावर दूध आलं, रिपोर्टमध्ये प्रोलॅक्टिन ७० निघालं की लगेच मेंदूचा एमआरआय लिहून दिला जातो. आधी गर्भ नाही ना ते पाहावं, टीएसएच पाहावा आणि पर्समधल्या गोळ्या पाहाव्यात. पित्ताच्या कॅप्सूलमध्ये मिसळलेलं डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड, तसंच मानसिक आजारांवरची काही औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात. पित्ताची कॅप्सूल बदलून काही दिवसांनी पुन्हा तपासलं तर एमआरआयचे हजारो रुपये वाचतात. मानसिक आजाराची औषधं मात्र त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायची नाहीत. गाठ निघालीच, तरी बहुतेकींना ऑपरेशन लागत नाही. आठवड्यातून एक-दोनदा घ्यायच्या कॅबरगोलिननं गाठ आकसते.

पुडीतलं स्टिरॉइड

गुडघेदुखीवर, दम्यावर, वजन वाढवण्यासाठी 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत आणि गोळ्यांत डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड मिसळलेलं असतं, हे देशभर वारंवार सापडलं आहे. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून माणूस महिनोन्महिने घेत राहतो. मग चेहरा चंद्रासारखा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे उमटतात, मांड्यांतली ताकद जाते, साखर आणि रक्तदाब चढतात. बाहेरून स्टिरॉइड येत राहिल्यानं शरीराच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपी जातात. अशा माणसाला कुणी 'ती पुडी आजच फेकून दे' म्हटलं तर तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या होऊन, रक्तदाब कोसळून गंभीर होऊ शकतो. पुडी सोडवायचीच, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली हायड्रोकॉर्टिसोन देत, हळूहळू. ताप आला तर डोस दुप्पट, उलट्या होत असतील तर इंजेक्शन, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. कॉर्टिसोल सकाळी आठच्या सुमारास सर्वाधिक असतं. दुपारी घेतलेल्या रक्तातलं कमी कॉर्टिसोल पाहून निदान करता येत नाही.

ग्रंथी स्वतःच निकामी झाल्या तर तो अ‍ॅडिसनचा आजार. आपल्याकडे त्यामागे क्षय असू शकतो, आणि काळवंडत गेलेल्या हिरड्या व तळहातांच्या रेषा त्याची खूण असतात. याच ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन जास्त झिरपलं की रक्तदाब वाढतो. डॉ. जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये वर्णिलेला हा आजार दुर्मीळ मानला जात होता. आज तो खूप जास्त आढळतो हे कळलं आहे, आणि २०२५ मध्ये एंडोक्राइन सोसायटीनं रक्तदाबाच्या सर्वच रुग्णांत अल्डोस्टेरॉन-रेनिन तपासण्याचा विचार व्हावा असं सुचवलं. आपल्याकडे निदान चाळिशीच्या आत रक्तदाब जडलेले, तीन गोळ्यांनीही न उतरणारे आणि पोटॅशियम कमी असलेले रुग्ण तरी यातून सुटू नयेत.

पीसीओएस, पुरुष, हाडं

सोनोग्राफीत 'पीसीओडी' लिहून आलं म्हणजे आजार झाला, असं नाही. अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनची चिन्हं किंवा वाढलेली पातळी, आणि अंडाशयाचं ठरावीक रूप यांतल्या तीनपैकी दोन गोष्टी हव्यात, तेही थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि अ‍ॅड्रिनलचे आजार वगळल्यावर. उपचार बाईच्या गरजेवर ठरतो. पाळी आणि अंगावरच्या लवीसाठी हार्मोनच्या गोळ्या, वजन आणि साखरेसाठी आहार-व्यायाम आणि मेटफॉर्मिन, मूल हवं असेल तर लेट्रोझोल. लग्न झालं की सगळं ठीक होईल, असं सांगून मुलीला परत पाठवणं हा उपचार नव्हे. तिची साखर पुढची कैक वर्षं पाहावी लागते.

पुरुषांत टेस्टोस्टेरॉन सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी कमी आलं तरच कमी समजावं. जिममध्ये मिळणारी इंजेक्शनं वृषणांचं काम थांबवतात आणि शुक्रजंतू नाहीसे होतात. मूल हवं असलेल्या तरुणाला हे कुणीतरी आधीच सांगायला हवं.

व्हिटॅमिन डी हा आज फार जास्त तपासला जाणारा आणि फार जास्त दिला जाणारा पदार्थ आहे. निरोगी प्रौढांत तो सरसकट तपासू नये, असं एंडोक्राइन सोसायटीनं २०२४ मध्ये सांगितलं. कमतरता असेल तर ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे, मग थांबायचं. ती रोज घेतल्यानं किंवा वरचेवर ६ लाखांची इंजेक्शनं घेतल्यानं कॅल्शियम चढून उलट्या, भ्रम आणि किडनी निकामी होण्यापर्यंत मजल जाते. उलट बाजूनं, वारंवार मूतखडे होणाऱ्या किंवा हाडं दुखणाऱ्या माणसाचं कॅल्शियम वाढलेलं दिसलं तर पॅराथायरॉइड हार्मोन तपासायला हवा. तिथली छोटी गाठ काढल्यावर वर्षानुवर्षांचं दुखणं थांबतं. पाळी गेलेल्या ज्या बाईचं साध्या पडण्यानं मनगट मोडलं, तिचं प्लास्टर काढून घरी पाठवताना हाडांची घनता तपासली नाही, तर पुढचा फ्रॅक्चर खुब्याचा असू शकतो.

आता काय करायचं

रायपूरमध्ये आज एम्स आहे, मेकाहारा हे मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, डीकेएस सुपरस्पेशालिटी रुग्णालय आहे. तरी एंडोक्रिनॉलॉजिस्ट मोजकेच आहेत आणि ते मोठ्या शहरांतच राहणार. मधुमेह आणि थायरॉइडचा भार फॅमिली डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि २०१९ पासून आठवडी बाजारात बसणारे हाट-बाजार क्लिनिक यांनीच उचलायचा आहे. तिथं साखर आणि रक्तदाब मोजला जातो, हे फार मोलाचं आहे. पण आयुष्मान कार्ड रुग्णालयात भरती झाल्यावर कामी येतं. जन्मभराची गोळी माणूस खिशातून घेतो. म्हणून जेनेरिक दुकानांत मेटफॉर्मिन, इन्सुलिन, थायरॉक्सिन आणि हायड्रोकॉर्टिसोन कधीही संपता कामा नयेत, हीच खरी कसोटी.

एक मागणी मात्र या प्रदेशानं स्वतःहून करायला हवी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते, आणि विवाह व पुढची पिढी डोळ्यांपुढे ठेवून हे वय ठरवणं योग्यच आहे. पण मधुमेह बहुतेकांना चाळिशीनंतर गाठतो. ज्या माणसाचा एचबीए१सी सिकलमुळे खोटा ठरू शकतो, तोच नेमका मोहिमेबाहेर राहतो. छत्तीसगड आणि विदर्भात मधुमेहाचं कार्ड काढताना प्रत्येकाची एकदाच सिकल तपासणी व्हावी आणि तिचा निकाल कार्डाच्या पहिल्या ओळीत, रक्तगटाशेजारी लिहिला जावा. ही तपासणी आयुष्यात एकदाच लागते, तिला खर्च अगदी थोडा येतो आणि तिच्यासाठी लागणारी व्यवस्था सिकल मोहिमेनं उभी केलेलीच आहे. तोवर ज्यांच्या हातात रिपोर्ट आहे, त्यांनी डॉक्टरला एवढंच विचारावं: हा आकडा माझ्या रक्तात खरा धरता येतो का?